आखाजीला दोन हिशेब होतात

आमच्याकडे, खान्देशातल्या चोपडा तालुक्यात, शेतकऱ्याचं वर्ष मार्चअखेर संपत नाही, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतं. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल त्या दिवशी पुरं होतं. सकाळी आबा वही घेऊन ओट्यावर बसतात. उचल किती घेतली, खाडे किती पडले, धान्य किती नेलं, पुढच्या सालाचे किती ठरवायचे. बोलाचाली होते, चहा होतो, आणि तासाभरात सगळं एका रकमेवर येऊन थांबतं.

त्याच वेळी आत दुसरा हिशेब चाललेला असतो. सासरहून लेकी आलेल्या असतात. माझी माय मला दारातच थांबवते, मनगट धरते, बांगडी मागेपुढे सरकवून बघते आणि म्हणते, “ढिल्या व्हई ग्यात.” मग दिवसभर, पुरण वाटता वाटता, एकेक प्रश्न येतो. झोप लागते का? कंबर दुखायची ती थांबली का? नळाला पाणी किती दिवसांआड? पोराचं शाळेत कसं? दुपारी कोणाशी बोलतेस? पगाराचंही विचारते, नाही असं नाही. पण पगाराचा आकडा ऐकून तिचं समाधान झालंय आणि ती उठून गेलीय, असं कधी घडलं नाही.

देशाचं कसं चाललंय हे सांगताना गेली कित्येक दशकं आपण ओट्यावरचाच हिशेब वाचत आलो. जीडीपी इतक्या टक्क्यांनी वाढला, आपण जगात इतक्या क्रमांकावर आलो. आतल्या हिशेबाला आकड्यांत कसं बसवायचं, यावर जगभरचे अर्थतज्ज्ञ साधारण पन्नास वर्षं डोकं खाजवताहेत. त्यांचं कुठवर आलंय, ते सांगते.

आधी जीडीपी नीट समजून घेऊ, कारण त्याला शिव्या देणारे बरेच लोक त्याला ओळखत नाहीत. देशाच्या हद्दीत एका वर्षात तयार झालेल्या सगळ्या अंतिम वस्तू आणि सेवांची किंमत म्हणजे जीडीपी. यातला ‘अंतिम’ हा शब्द महत्त्वाचा. समजा शेतकऱ्यानं ७,००० रुपयांचा कापूस जिनिंगला घातला. जिनिंगवाल्यानं सरकी काढली, रुईच्या गाठी बांधल्या आणि त्या ८,००० ला विकल्या (सरकीचे पैसे सोडून देऊ). सूतगिरणीनं त्याचं ११,००० चं सूत केलं. पुढे त्याचे शर्ट होऊन दुकानात २०,००० आले. आता हे चारही आकडे बेरजेत धरले तर तोच कापूस चार वेळा मोजला जाईल. म्हणून प्रत्येकानं आपल्या हातानं जी भर घातली तेवढीच धरायची: ७,००० (बी-खताचा खर्च तूर्त बाजूला ठेवू), मग १,०००, मग ३,०००, मग ९,०००. बेरीज २०,०००. शेतापासून दुकानापर्यंत इतकी शिस्त पाळणारा दुसरा हिशेब माझ्या तरी पाहण्यात नाही.

हा हिशेब जन्मला संकटातून. १९२९ नंतरच्या महामंदीत अमेरिकेला आपलं नक्की किती बुडालं हेच कळत नव्हतं. मालगाड्यांचे किती डबे भरले, शेअर किती पडले, असे सुटे आकडे तेवढे हाती होते. सायमन कुझनेट्स या अर्थतज्ज्ञानं राष्ट्रीय उत्पन्नाचा पहिला व्यवस्थित अंदाज बांधून १९३४ मध्ये तिथल्या संसदेला दिला. आणि त्याच अहवालात लिहून ठेवलं की या आकड्यावरून देशाच्या कल्याणाचा अंदाज बांधता येणं कठीण आहे. यंत्र बनवणाऱ्यानंच ‘याचा उपयोग या कामासाठी करू नका’ अशी पट्टी लावून दिली होती. पुढे महायुद्ध आलं. किती रणगाडे, किती विमानं बनवता येतील हे मोजायला तो आकडा फारच सोयीचा ठरला, आणि पट्टी कुठे गळून पडली कोणाला कळलं नाही.

या हिशेबातून काय निसटतं, ते आपल्याच गावात फिरून बघू.

मे-जूनच्या वादळात केळीचे बाग आडवे होतात, घरावरचे पत्रे उडतात. केळीचं उत्पादन घटलं, ते जीडीपीत दिसतं. पण उडालेले पत्रे कुठेच वजा होत नाहीत. उलट नवे पत्रे विकत आणले, मिस्त्री लावला, की ती भर. वादळापूर्वी डोक्यावर छप्पर होतं, वादळानंतरही आहे, मधल्या मध्ये खिसा रिकामा झाला. वहीत मात्र प्रगती.

पाण्याचं याहून वाईट. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात वर्षानुवर्षं जमिनीखालचं पाणी उपसलं गेलं. बोअर खणला की भर. त्यावर केळी पिकली की भर. बोअर आटला, आणखी खोल गेलो, की पुन्हा भर. जीडीपीचं मराठी नाव ‘स्थूल देशांतर्गत उत्पादन’. यातलं स्थूल म्हणजे लठ्ठ नव्हे, घसारा वजा न केलेलं. ट्रॅक्टर झिजतो तो घसारा वजा केला की ‘निव्वळ’ उत्पादन मिळतं. पण इतकी वर्षं या निव्वळमध्येही ट्रॅक्टरचीच झीज होती, भूजलाची नव्हती. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशानं तापी महापुनर्भरण प्रकल्पाचा करार केला. पावसाळ्यात वाहून जाणारं तापीचं पाणी सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत मुरवायचं, असं काम. हजारो कोटींचं. म्हणजे पाणी उपसलं तेव्हाही जीडीपी वाढला आणि ते परत भरू तेव्हाही वाढेल. मध्ये विहिरी कोरड्या पडल्या त्या ओळीला वहीत जागाच नव्हती. जगभरच्या राष्ट्रीय हिशेबांचे नियम ज्या ग्रंथात असतात त्याची नवी आवृत्ती २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मान्य केली. नैसर्गिक संपत्तीची झीज हा उत्पादनाचा खर्च धरावा आणि निव्वळ आकड्याकडे अधिक लक्ष द्यावं, असं तीत आलंय. देशांना हे अंगवळणी पडायला वेळ लागेल.

आणि भाकरी. शेतकऱ्यानं घरी खायला ठेवलेली ज्वारी बाजारात जात नाही, तरी तिची अंदाजे किंमत जीडीपीत धरतात. चक्कीवाल्याला दिलेलं दळण धरतात. पण पीठ घरात आलं की हिशेब उंबऱ्यावरच थांबतो. चुलीपुढे बसून जी भाकरी थापली तिची किंमत शून्य. हिवाळ्यात जळगावच्या भरीत सेंटरवर कळण्याची भाकरी आणि भरीत खाल्लं तर ती भर. तेच वांगं घरी काड्यांवर भाजलं तर वांग्याची किंमत धरतात, भाजणाऱ्या हाताची नाही. नियम करणाऱ्यांकडे कारण आहे: घरातल्या सेवांना भाव कोण लावणार? पण गंमत बघा, स्वतःच्या मालकीच्या घरात आपण राहतो त्याचं काल्पनिक भाडं मात्र जीडीपीत धरतात. घराला भाडं लावता येतं, घर सांभाळणारीला नाही.

किंमत नाही तर निदान वेळ तरी मोजा, असं म्हणून भारतानं २०१९ मध्ये देशभर ‘वेळेच्या वापराचं सर्वेक्षण’ केलं आणि २०२४ मध्ये पुन्हा केलं. घरातल्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायांचा दिवसातला वेळ सरासरी २८९ मिनिटं निघाला. पुरुषांचा ८८ मिनिटं. तोही सगळ्या पुरुषांचा नव्हे. ज्यांनी त्या दिवशी काही घरकाम केलं त्यांचाच. २०१९ ला बायांचा आकडा २९९ होता. पाच वर्षांत दहा मिनिटं वाचली. पुरुषांचेही ९७ वरून ८८ झाले. त्यांनीही नऊ मिनिटं वाचवली!

मग पर्याय काय निघाले? सगळ्यांत गाजलेला मानव विकास निर्देशांक. १९९० मध्ये पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या साथीनं तो आणला. तीनच गोष्टी: माणूस किती जगतो, किती शिकतो, किती कमावतो. सेन यांना सुरुवातीला ही कल्पना फार ओबडधोबड वाटली होती. हक यांचं म्हणणं असं की जीडीपीला हटवायचं तर त्याच्याइतकाच ढोबळ, पण त्याच्यासारखा आंधळा नसलेला एक आकडा लागेल. मला हे पटतं. वर्तमानपत्राच्या मथळ्यात एकच आकडा मावतो. २०२३ सालासाठी भारताचा हा आकडा ०.६८५ आहे आणि क्रमांक १९३ देशांत १३०. महाराष्ट्रानं जिल्ह्याजिल्ह्यांसाठीही हा निर्देशांक काढला होता. २०१२ च्या त्या अहवालात सर्वांत वर मुंबई आणि सर्वांत खाली आपलं नंदुरबार होतं. एकाच राज्याची दोन टोकं, आणि राज्य मात्र एकूण उत्पन्नात देशात पहिलं.

माझ्या मते खरा कामाचा हिशेब वेगळाच आहे. त्याचं नाव जड आहे, बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक, पण रीत साधी. सरासरी काढायचीच नाही; घरोघर जाऊन तिथे काय नाही ते मोजायचं. नीती आयोगाच्या निर्देशांकात १२ गोष्टी आहेत. आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान या तिघांना सारखा वाटा, एक तृतीयांश. घरात कोणी कुपोषित असेल तर त्या घराच्या नावावर एक षष्ठांश. घरातल्या कोणीच सहा वर्षं शाळा पुरी केली नसेल तर आणखी एक षष्ठांश. राहणीमानाच्या सात गोष्टी: इंधन, संडास, पिण्याचं पाणी, वीज, घर, वस्तू, बँक खातं, प्रत्येकी एक एकविसांश. बेरीज एक तृतीयांश किंवा वर गेली की ते घर गरीब.

आता नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या डोंगरातलं एक घर मनात आणा. पोर वजनानं कमी, आणि घरातलं कोणीच चौथीपुढे गेलेलं नाही. एक षष्ठांश अधिक एक षष्ठांश: गरीब. मग त्यांच्याकडे मोबाइल असो, गाडी असो, खातं असो. दुसऱ्या घरात पोरं ठणठणीत आणि शाळेत जाणारी, पण चूल लाकडावर आणि घर कुडाचं. दोन एकविसांश, म्हणजे गरीब नाही. कोणतं घर कुठे अडलंय हे या पद्धतीत दिसतं, म्हणून मला ती आवडते. २०१५-१६ च्या पाहणीवर आधारलेल्या पहिल्या अहवालात नंदुरबार जिल्ह्यातले निम्म्याहून अधिक लोक असे गरीब निघाले. देशाचा आकडा तेव्हा २४.८५ टक्के होता, २०१९-२१ च्या पाहणीत १४.९६ झाला. महाराष्ट्राचा साधारण १५ वरून ७.८१.

खोट यातही आहे. खातं आहे का, एवढंच विचारलं जातं; खात्यात काय आहे ते नाही. आणि कुपोषित लेकरू एक षष्ठांश आणि संडास एक एकविसांश, हे माप कोणी ठरवलं? कोणीतरी दिल्लीत बसून. सातपुड्यातल्या बाईला विचारलं असतं तर तिनं बहुधा पाण्याला जास्त दिलं असतं, कारण हंडा तिच्या डोक्यावर असतो.

मग माणसालाच का विचारू नये? तेही करतात. हॅडली कँट्रिल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची शिडी त्यासाठी वापरतात. शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी समजा. वर तुमचं सर्वांत चांगलं शक्य असलेलं जगणं, खाली सर्वांत वाईट. तुम्ही कुठल्या पायरीवर? जागतिक आनंद अहवाल यावरच उभा असतो. २०१८ पासून सलग कित्येक वर्षं फिनलंड पहिला आहे. २०२५ च्या अहवालात भारत १४७ देशांत ११८ वा. दर वर्षी क्रमांक लागला की आपल्याकडे दोन दिवस चिडचिड होते आणि मग विसरतो.

मी ही शिडी आबांना समजावून सांगितली. ते म्हणाले, “पाऊस झाल्यावर विचार.” चेष्टा नव्हती ती. कपाशी पेरून आभाळाकडे बघत बसलेल्या माणसाचं उत्तर जूनमध्ये वेगळं आणि दिवाळीत वेगळं असणारच. शिवाय आपल्याकडे ‘माझं फार छान चाललंय’ असं मोठ्यानं म्हणत नाहीत. दृष्ट लागते. जो तो म्हणतो, ‘चाललंय, ढकलतोय.’ याहून मोठी अडचण सेन यांनी दाखवली आहे: जन्मभर कमी मिळालेला माणूस अपेक्षाच कमी करून घेतो. अंगात रक्त कमी असलेली बाई ‘बरी आहे’ म्हणते, कारण थकवा म्हणजेच जगणं असं तिला वाटत आलेलं असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायांना पंडुरोग निघाला. तो शिडीला दिसत नाही, सुईला दिसतो. तरी शिडी फेकून देऊ नये. जावई किती कमावतात हे कोणीही सांगेल. दुपारी एकटं वाटतं का, हे लेकीशिवाय कोण सांगणार?

भूतानचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. तिथल्या चौथ्या राजांनी १९७० च्या दशकात ‘सकल राष्ट्रीय आनंद’ हा शब्द आणला. आज त्यात ९ क्षेत्रं आणि ३३ निर्देशक आहेत. झोप आणि कामाचे तास, शेजारपाजार, संस्कृती, जंगल सगळं. नऊपैकी सहा क्षेत्रांत पुरेसं असेल तर माणूस सुखी धरतात, सगळ्यांतच असावं असा हट्ट नाही. हे शहाणपणाचं आहे. पण त्याच देशातून १९९० च्या दशकात सुमारे एक लाख नेपाळीभाषक लोकांना बाहेर पडून नेपाळच्या छावण्यांत राहावं लागलं, आणि अलीकडे तिथली तरुण पोरं मोठ्या संख्येनं ऑस्ट्रेलियाला चालली आहेत. आनंद मोजला म्हणजे तो वाटला जातोच असं नाही. सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशानंही २०१६ मध्ये सरकारी आनंद खातं काढलं. न्यूझीलंडनं २०१९ मध्ये ‘कल्याणाचा अर्थसंकल्प’ मांडला. फ्रान्सनं तर २००८ मध्ये स्टिग्लिट्झ, सेन आणि फितूसी या अर्थतज्ज्ञांचा आयोगच नेमला होता. त्यांच्या अहवालाचं सार एवढंच की एका आकड्यानं भागणार नाही, गाडीच्या डॅशबोर्डसारखे अनेक काटे लागतील.

मलाही तेच वाटतं. पेट्रोल आणि वेग यांची बेरीज करून कोणी गाडी चालवत नाही. आणि माझी माय घरी परतलेल्या लेकीला ‘१० पैकी ६.८’ असं म्हणत नाही. झोपेचं बघून ती एक करते, पाण्याचं ऐकून दुसरंच.

पण काटे वाढवले म्हणून फसवणूक थांबत नाही, हे खान्देशात वेगळं सांगायला नको. कापूस वजनावर घेतात, म्हणून त्यावर पाणी मारणारे निघाले. मग ओलावा मोजायचं यंत्र आलं. दूध लिटरवर घेत होते तोवर पाणी पडायचं. डेअरीनं फॅट मोजायला सुरुवात केली, तर फॅट वाढवायच्या युक्त्या निघाल्या. म्हणून एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक, मोजणं आलं. देशाच्या निर्देशांकांचंही असंच. जानेवारी २०१८ मध्ये केंद्रानं ११२ जिल्हे ‘आकांक्षित’ म्हणून निवडले, त्यात नंदुरबार आहे. ४९ निर्देशक, त्यांतले आरोग्य आणि शिक्षण यांना प्रत्येकी ३० टक्के वजन, आणि दर महिन्याला क्रमवारी. जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत पोरांचं वजन आणि बाळंतपणं हे विषय दर महिन्याला येऊ लागले, ही थोडीथोडकी गोष्ट नाही. पण क्रमांक वर नेण्याची घाई झाली की पोराच्या आधी रजिस्टरचं वजन वाढू शकतं. त्यावर उपाय दुधासारखाच: भरणारा एक आणि तपासणारा दुसरा हवा.

या आखाजीला मी मायला समोर बसवून वेळेच्या सर्वेक्षणाचा प्रयोग केला. खरं सर्वेक्षण पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाचे खाने पाडतं आणि प्रत्येक काम नऊ गटांपैकी एका गटात टाकतं. चार ते साडेचार, झोप. साडेपाच ते सहा, सडा, पाणी तापवणं, गाईला चारा. एका खान्यात तीन कामं. नऊ ते दहा खापरावरचे मांडे, आणि त्याच वेळी नातवाला भरवणं. दुपारपर्यंत बहुतेक कामं घरकामाच्या आणि सांभाळाच्या गटात गेली. चार वाजता आम्ही बहिणी तिला ओढत निंबाला बांधलेल्या झोक्याकडे घेऊन गेलो होतो. तिथे येऊन ती थांबली.

“मंग झोका कुठं लिखशी?”

“आठवा गट. विरंगुळा.”

“गौराईची गानी म्हनली ना? मंग देवाधर्माचं नाही का?”

“मग सातवा.”

“किती वेळ लिखलं?”

“अर्धा तास.”

तिनं वही स्वतःकडे ओढून घेतली, खाने मोजले आणि म्हणाली, “दोन तास लिख.”

माझ्या मायनंही कापसावर पाणी मारलं. मी दोन तास लिहिले.